तुकारामांचा जमाखर्च : आत्मपर अभंगांतील हिशेबाची भाषा आणि ओतूरचा गुरुसंबंध

मराठी आत्मचरित्राचा इतिहास सांगताना बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८), रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०), धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) अशा टप्प्यांनी पुढे जाण्याचा प्रघात आहे. फार तर नाना फडणिसांच्या त्रोटक आत्मकथनाचा उल्लेख आरंभी केला जातो. संतांची आत्मपर रचना मात्र या मालिकेत क्वचितच धरली जाते; ती ‘आत्मनिवेदन’ या सदराखाली भक्तीच्या प्रकरणात जाऊन बसते. या विभागणीमुळे एक नुकसान झाले आहे. माणूस आपल्या गतायुष्याचा हिशेब मांडतो आणि त्या मांडणीतून पुढच्या वाटेची दिशा ठरवतो, ही क्रिया मराठीत कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या वाक्यरचनेने घडते, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासकांच्या टेबलावर फारसा आलाच नाही. तुकारामांचे आत्मपर अभंग या प्रश्नाच्या अभ्यासाला सर्वांत सोयीचे आहेत. कारण त्यांचा कर्ता व्यवसायाने वाणी होता, आणि हिशेब हा शब्द त्याच्या बाबतीत केवळ रूपक नव्हता.

या अभ्यासाला जुन्नर परिसराची पार्श्वभूमी घेणे अनाठायी वाटण्याचा संभव आहे, तुकाराम देहूचे. परंतु त्यांनी ज्यांना गुरू म्हटले त्या बाबाजी चैतन्यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूर येथे, मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवळापाशी आहे. शिवाय हिशेब कोरून ठेवण्याची या तालुक्याची परंपरा मराठी भाषेहूनही जुनी आहे. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. त्या प्राकृत लेखात केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आकडे ओळीने मांडलेले आहेत. ब्राह्मी अंकचिन्हांचा तो अतिशय जुना पुरावा आहे. राणीच्या व्रतस्थ, उपोषणादी नियमांनी बांधलेल्या आयुष्याचेही वर्णन त्यात येते. जुन्नर शहराभोवतीच्या लेण्यांत व्यापारी श्रेणींची दाने नोंदलेली आहेत, आणि धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या सात खोल्यांच्या लेण्याची व पाण्याच्या टाक्याची नोंद त्यांत आहे. या सर्व लेखांचा एक समान धर्म लक्षात घेण्याजोगा आहे. ते तृतीयपुरुषी आहेत, आणि त्यांत फक्त दिलेले लिहिले आहे. गमावलेले लिहिलेले नाही. दगडावर तोटा कोरण्याची कोणाला गरज पडत नाही. तोट्याची नोंद करणारा धान्यव्यापारी मराठीत दीड हजार वर्षांनी भेटतो.

तुकारामांच्या जन्मवर्षाचा वाद जुना आहे. १५६८ पासून १६०८ पर्यंतची वर्षे सुचवली गेली आहेत आणि १६०८ हे आज अधिक रूढ आहे. ते धरले तर १६३० च्या सुमारास दख्खन उद्ध्वस्त करणारा दुष्काळ त्यांच्या बाविशीच्या आसपास आला. (याच दुष्काळाच्या उंबरठ्यावर, फेब्रुवारी १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला, हे सहज आठवावे.) दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी आणि, परंपरेप्रमाणे, मुलगाही गेला, दुकान बसले, पत गेली. या घटनांची सविस्तर हकीकत त्यांच्या एका प्रदीर्घ अभंगात येते. जातीने शूद्र असून वाण्याचा धंदा केला, या कबुलीने तो सुरू होतो. संतांनी विचारले म्हणून सांगतो, एरवी हे बोलू नये, असे सांगून ते वृत्तान्ताला हात घालतात. आत्मकथनाची ही अनिच्छा औपचारिक नम्रता म्हणून सोडून देता येणार नाही. हा अभंग प्रश्नाचे उत्तर आहे. विचारणारी मंडळी समोर आहेत. आणि हिशेब मागितल्यावरच द्यावयाचा असतो, हा पेढीवरचा नियम येथे पाळला गेला आहे.

या अभंगातील क्रियापदांकडे आता नीट पाहू गेले तर एक क्रम दिसतो, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. आरंभी व्यवसाय ‘केला’ आहे. मराठीच्या कर्मणी प्रयोगात भूतकाळी क्रियापद कर्माशी जुळते. कर्ता उच्चारला नाही तर क्रियापदावर त्याची खूणही राहत नाही. तरीही ‘करणे’ हे कर्तृत्वाचे क्रियापद आहे, करणारा गृहीत आहे. त्यानंतर आपत्ती येते आणि करणारा बदलतो. द्रव्य आटवणारा आणि मान नेणारा आता दुष्काळ आहे. तृतीया विभक्ती त्याच्याकडे गेली आहे. परंतु पत्नीच्या मृत्यूशी येताच तीही तृतीया नाहीशी होते. तिला कोणी नेले असे म्हटलेले नाही. ती अन्नाचा धावा करीत ‘मेली’. अकर्मक क्रियापद, दोष देण्यास कोणी नाही, देवही नाही. तिचे नाव नाही, ‘एकी’ एवढी संख्या मात्र आहे. पूर्ण अभंगात इतर कोणा व्यक्तीचा आवाज प्रत्यक्ष ऐकू येत असेल तर तो या बाईचाच. मित्रांचे सल्ले आहेत, निषेध आहे, पण ते सारे वृत्तान्तरूपाने.

यापुढे क्रियापदांची तिसरी जात सुरू होते. लाज ‘वाटते’, जीव दुःखाने त्रासतो, धंद्यात तूट येताना दिसते. अनुभव घेणारा आहे, करणारा नाही. आणि मग मोडकळीस आलेल्या देवळाचा उल्लेख येतो. ते दुरुस्त करण्याचे तुकारामांनी ठरवले, असे आपण सहज म्हणतो. मूळ रचना तसे म्हणत नाही. ते करावे असे चित्तात ‘आले’. इच्छासुद्धा येथे बाहेरून आल्यासारखी आहे. यानंतरच ‘केले’, ‘धरिले’, ‘मानिले’ अशी कर्तृत्वाची क्रियापदे परत येतात आणि अखेरपर्यंत टिकतात. केले, गेले, वाटले, मनात आले, आणि पुन्हा केले, असा हा प्रवास आहे. आयुष्याची नवी दिशा ज्यात ठरते अशा या संपूर्ण रचनेत ‘ठरवणे’ या अर्थाचे क्रियापद एकही नाही. संकल्पाने आयुष्य बदलते, ही समजूत ज्यांना तुकारामांत वाचावयाची असेल त्यांना व्याकरणाचा आधार मिळणार नाही. आणि दुःखाने माणूस आपोआप संत होतो, या समजुतीलाही तो मिळत नाही. मधल्या दोन पायऱ्या, वाटण्याची आणि मनात येण्याची, दोन्ही मतांचे पुरस्कर्ते गाळून टाकतात.

‘लाज’ या शब्दाचा प्रवास या दृष्टीने फार बोलका आहे. दुष्काळानंतर लाज वाटते. ती येते आणि माणूस तिच्या ताब्यात असतो. पुढे संतांच्या सेवेचा प्रसंग येतो तेव्हा लाज मनात ‘येऊ दिली नाही’ असे वाक्य येते. तीच भावना, पण आता दाराशी कोणी उभा आहे आणि कोणाला आत घ्यावयाचे हे तो पाहतो. ‘येऊ न देणे’ ही मराठीतील संयुक्त क्रियापदाची रचना अडवण्याचा अधिकार गृहीत धरते. चार-पाच चरणांच्या अंतरात हा अधिकार मिळालेला आहे. तो कशाने मिळाला, हे मधल्या चरणांत सांगितलेले आहे, आणि ती कामे अगदी सामान्य आहेत. एकादशीला कीर्तन करू लागले, पण आधी अभ्यासात चित्त नव्हते. संतांची वचने आदराने पाठ केली. पुढे गाणारे गात असताना मागे राहून ध्रुपद धरले. जमेल तसा उपकार शरीर कष्टवून केला, असे लगेच पुढच्या चरणात येते. येथे प्रतिभेचा दावा नाही, पात्रतेचा नाही. दुसऱ्याचे शब्द पाठ करणारा आणि दुसऱ्याच्या सुरामागे सूर धरणारा उमेदवार आहे. कवित्वाची स्फूर्ती या उमेदवारीच्या पुष्कळ नंतर येते. तुकारामांच्या चरित्रकारांनी स्फूर्तीला जितकी पाने दिली तितकी या ध्रुपद धरण्याला दिली नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

शब्दसंग्रहाच्या अंगाने पाहिले तर व्यवहाराची भाषा हा माणूस सोडत नाही, तिचे काम बदलतो. खऱ्याखोट्याच्या बाबतीत मनाला ‘ग्वाही’ केले, असे ते म्हणतात. हा फारसीतून मराठी दरबारी व न्यायव्यवहारात रुळलेला शब्द, अर्थ साक्षीदार. मनाला न्यायाधीश केलेले नाही, हे विसरू नये. साक्षीदार पाहिलेले सांगतो, निकाल देत नाही. बहुमत मानले नाही, असे लगेच पुढे म्हटल्यामुळे स्वतःच्या मनाचा कौल घेतला असा अर्थ अनेकजण लावतात. तो थोडा घाईचा आहे. पुढे कवित्वाच्या वह्या बुडवल्या जाण्याचा प्रसंग येतो. ‘वही’ हा शब्द आज शाळेत गेला आहे, पण वाण्याच्या दुकानात तो खात्याचा शब्द होता आणि आहे. परंपरा सांगते की तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत टाकली आणि भावाच्या वाट्याची त्याला दिली. ही घटना या अभंगात नाही. तथापि ज्या नदीत खते गेली असे सांगतात त्याच नदीत पुढे वह्या गेल्या. वह्या बुडाल्यावर तुकाराम ‘धरणे’ बसले. धरणे हा शब्द आज राजकीय झाला आहे. त्या काळी ऋणकोच्या दाराशी धनको उपाशी बसे आणि देणे चुकते होईपर्यंत उठत नसे, त्याला धरणे म्हणत. ज्याने लोकांची खते सोडून दिली तो देवाच्या दाराशी धनको होऊन बसला आहे. ही भूमिका भक्ताची नेहमीची लीनता नव्हे. आणि अखेरच्या चरणात पांडुरंगाने बोलवलेले बोल हेच आपले सर्व ‘भांडवल’, असे ते सांगतात. व्यवसायाने सुरू झालेले कथन भांडवलावर थांबते. दुकान बंद झालेले नाही, माल बदलला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र हा एकच हिशेब नाही. गाथेत आणखी दोन रचना आहेत ज्यांत याच आयुष्याची नोंद वेगळ्या रीतीने झाली आहे, आणि तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही एकीविषयी बोलणे योग्य नाही. दुसऱ्या रचनेत तुकाराम देवाला उद्देशून आपले ‘दिवाळे’ निघाले हे बरे झाले असे सांगतात. दुष्काळाची पीडा बरी, अपमान बरा, धन आणि गुरेढोरे गेली ते बरे, बायको कर्कश मिळाली तेही बरे. खर्चाच्या बाजूची प्रत्येक रक्कम उचलून जमेच्या बाजूला लिहिली आहे. ही रचना व्याख्यानांतून आणि प्रवचनांतून सर्वाधिक ऐकू येते, कारण तिचा उपयोग सोपा आहे: संकट हीच संधी, असा धडा तिच्यातून ताबडतोब काढता येतो. पण त्याच यादीत बायकामुलांची उपेक्षा केली हेही ‘बरे’ म्हणून लिहिलेले आहे, आणि धडा काढणारे तेथे आवाज खाली आणतात. तिसरी रचना तर याहून कठोर आहे. त्या आखूड चरणांत आईबाप, पत्नी आणि मूल यांचे मृत्यू मोजले आहेत आणि प्रत्येक मृत्यूने एक पाश सुटला असा निर्वाळा दिला आहे. उरले ते विठ्ठल आणि तुका, तिसऱ्याचे काम नाही.

या तिन्हींचा मेळ कसा घालावयाचा? पहिला अभंग माणसांना दिलेला हिशेब आहे, उरलेले दोन देवाला. माणसांसमोर पत्नीचा मृत्यू कोणत्याही शेऱ्याशिवाय नोंदला जातो. तेथे तो बरा नाही आणि वाईटही नाही, फक्त झालेला आहे. दिवाळ्याच्या रचनेत कोणाच्याही मृत्यूचा उल्लेखच नाही. तेथे जमेस धरता येईल एवढेच घेतले आहे. तिसरीत तो मृत्यू जमेस धरण्याचे धाडस केले आहे, आणि ते करताना भाषा इतकी तुटक होते की ‘बरे’ या शब्दाचा अर्थ समाधान असा घेणे अवघड जाते. देवाला ऐकवलेला तो टोमणाही असू शकेल. मराठीत ‘बरे झाले’ हे शब्द स्वरभेदाने समाधानाचे होतात तसेच संतापाचेही होतात, आणि लिखित संहितेत तो स्वर उरत नाही. तुकारामांनी आपल्या दुःखाचे सोने केले, हे वाक्य म्हणूनच अपुरे ठरते. तीन हिशेबांत एक रक्कम तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिली गेली असेल तर ती शेवटपर्यंत जुळली नाही, हाच निष्कर्ष कोणताही कारकून काढील. ही न जुळणारी रक्कम म्हणजे अन्नाचा धावा करीत गेलेली एक बाई आहे. टीकाकारांनी हा हिशेब तुकारामांच्या वतीने जुळवून देण्याची घाई करू नये.

येथे संहितेविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. शंकर पांडुरंग व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सिद्ध केलेली आणि मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. निरनिराळ्या वह्यांतून आलेल्या पाठांत फरक आहेत, आणि एखाद्या प्रत्ययावर मोठी इमारत उभारणे धोक्याचे आहे. परंतु वर दाखवलेला क्रियापदांचा क्रम एका प्रत्ययावर उभा नाही. ‘मेली’ आणि ‘येऊ दिली नाही’ यांमधील अंतर पाठभेदाने पुसले जाण्यासारखे नाही.

महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत हेच चरित्र ओवीबद्ध केले तेव्हा त्याचा पुरुष बदलला, प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष झाला, आणि त्याबरोबर कर्तृत्वही बदलले. प्रत्येक आपत्तीमागे आता परीक्षा पाहणारा देव उभा आहे. कथा म्हणून ती रसाळ आहे यात शंका नाही, पण मूळ अभंगातील मृत्यूच्या चरणात कर्त्याची जी जागा रिकामी होती ती भरली गेली. याउलट तुकारामांच्या शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपल्या आत्मकथनात प्रथमपुरुष सोडला नाही. नवऱ्याने केलेली मारहाण, तुकारामांच्या दर्शनाची ओढ आणि पतिसेवेचा निश्चय ही तिन्ही त्यांनी एकाच्याच तोंडून सांगितली, आणि त्यांतील विसंगती झाकली नाही. प्रपंच सोडण्याची मुभा नसलेल्या बाईला हिशेब कसा मांडावा लागतो, हे त्यांच्या रचनेत दिसते. त्याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

आता ओतूरच्या संबंधाकडे. गुरूपदेशाच्या अभंगात तुकारामांनी सांगितलेली हकीकत थोडी आहे. स्वप्नात, स्नानाला जात असताना वाटेत गुरू भेटले. मस्तकावर हात ठेवला. राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली. आपले नाव बाबाजी म्हणून सांगितले. रामकृष्णहरी हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. तिथी आहे, वार आहे, वर्ष नाही. रोजकीर्दीत अशीच नोंद असते. वर्ष वहीच्या पुठ्ठ्यावर असते. त्या वर्षाच्या शोधात पंचांगांची गणिते झाली आणि त्यावरून जन्मवर्षाचे वाद पेटले. केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य हे दोन पुरुष की एकच, हाही वाद आहे. चैतन्यांच्या परंपरेतील नंतरचे ग्रंथ त्यांना एक मानण्याकडे झुकतात. ओतूरची समाधी या वादांच्या निकालाची वाट पाहत थांबलेली नाही. माघ शुद्ध दशमी वारकऱ्यांच्या स्मरणात अनुग्रहदिन म्हणून आहे, आणि कल्याणहून माळशेज घाट चढून येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडींसाठी गजबजते तेव्हाही समाधीला जाणारे जातात.

या अभंगातील एका तपशिलाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. गुरूंनी भोजनासाठी तूप मागितले, पावशेर. आणि स्वप्नात त्याचा विसर पडला. काही अंतराय आला असावा, म्हणूनच गुरूंना जाण्याची त्वरा झाली, असे तुकाराम पुढे म्हणतात. भाविक टीकाकार या तुपाचा आध्यात्मिक अर्थ लावू पाहतात आणि चिकित्सक टीकाकार ते गाळतात. पण ‘पावशेर’ हे माप आहे, आणि ते दुकानदाराच्या तोंडचे आहे. ज्याच्या घरी माल मोजून दिला जात होता त्याच्याकडे एक मागणी आली, माप सांगून आली, आणि ती पुरी झाली नाही. आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्राप्तीच्या नोंदीत तुकारामांनी ही बाकी तशीच लिहून ठेवली आहे. अन्नासाठी धावा करणाऱ्या पत्नीचा चरण आणि तूप मागणाऱ्या गुरूचा चरण वेगळ्या अभंगांत आहेत. त्यांचा संबंध तुकारामांनी कोठेही जोडलेला नाही आणि तो ओढूनताणून जोडणे शास्त्रीय होणार नाही. परंतु दोन्ही ठिकाणी कोणी तरी अन्न मागितले आहे आणि दोन्ही ठिकाणी ते दिले गेले नाही, एवढे संहिताच सांगते.

स्वप्नातील अनुग्रहाची ही रीत पुढेही चालली. बहिणाबाईंना तुकारामांचा उपदेश स्वप्नातच झाला, आणि ओतूरपासून पूर्वेला, पारनेर तालुक्यातील पिंपळनेरच्या निळोबांनाही तुकारामांच्या निर्याणानंतर तो तसाच लाभल्याचे सांगितले जाते. ज्यांना गुरूच्या घरी जाऊन राहण्याचा मार्ग मोकळा नव्हता, जातीमुळे, स्त्रीपणामुळे किंवा गुरूच हयात नसल्यामुळे, त्यांनी ही वाट घेतली, हा योगायोग नसावा. पण प्रत्येकाने स्वप्नाआधी काय केले, हे पाहावे लागेल. तुकारामांच्या बाबतीत अभंगातील क्रमच उत्तर देतो: स्वप्नातील उपदेश ‘मानिला’ हे क्रियापद पाठांतर, ध्रुपद, कष्ट, मित्रांच्या न मानलेल्या सल्ल्याची गोष्ट आणि मनाची ग्वाही या सर्वांच्या मागून येते. मानणारा आधीच तयार झालेला होता.

पहिल्या अभंगाचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सगळे विस्ताराने सांगत बसलो तर उशीर होईल, म्हणून आता पुरे, असे म्हणून तुकाराम थांबतात. आज आहे ते दिसतेच आहे, पुढचे देव जाणतो. नारायण भक्ताची उपेक्षा करीत नाही, हा विश्वास त्याला जोडून येतो; पण आपण पुढे काय करणार, याविषयी एकही शब्द नाही. क्रियापदे वर्तमानाशी येऊन थांबतात, आणि आपल्या कृतीविषयी उत्तमपुरुषी भविष्यकाळ त्यांनी वापरलेला नाही.